‘कळलं का?’ म्हटल्यावर सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो, तेव्हा... शिकवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्यानं रुजू झालेले सहकारी, पालकसभा संपल्यावर दाराशी थांबणारे आई-वडील आणि शिक्षकांच्या खोलीतली रोजची चर्चा, या तीन ठिकाणी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात ते इथे एकत्र केले आहेत. मी गणित शिकवते, म्हणून उदाहरणं गणितातली जास्त आहेत. विषय मोबाइलचा असो, गृहपाठाचा असो की एआयचा, उत्तर शोधताना मी एकच गोष्ट बघते: मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते शिक्षकाला यानं जास्त दिसेल की कमी?

मी मन लावून शिकवतो, मुलं ‘कळलं’ म्हणतात. मग पेपरात सगळं उलटंपालटं का होतं?

‘कळलं का?’ असं विचारलं की लांबलचक ‘होऽऽ’ येतो. त्या एका आवाजात तीन प्रकारची मुलं असतात. एकाला खरंच कळलेलं असतं. दुसऱ्याला आपल्याला कळलंय असं मनापासून वाटत असतं. तिसऱ्याला कळलेलं नसतं आणि ते त्याला ठाऊकही असतं, पण भरल्या वर्गात एकट्यानं ‘नाही’ म्हणायचं धाडस होत नाही. आपल्या कानावर मात्र एकच ‘हो’ पडतो आणि आपण फळा पुसून पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. फळ्यावर ०.८ आणि ०.३५ लिहा आणि यातली मोठी संख्या प्रत्येकाला आपापल्या पाटीवर लिहायला सांगा. बरीच मुलं ०.३५ लिहितात, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. पूर्ण संख्यांमध्ये जो नियम आजवर चालला तोच त्यांनी इथे लावला. त्यात आळसही नाही आणि दुर्लक्षही नाही. पण खरी मेख ०.८ लिहिणाऱ्यांमध्ये आहे. त्यांना लगेच दुसरी जोडी द्या: ०.४ आणि ०.६५. आता त्यांच्यातले काही जण ०.४ मोठी म्हणतील. ‘शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून दशांश चिन्हापुढे जास्त अंक असलेली संख्या लहान’ असा नियम त्यांनी मनाशी बांधलेला असतो. पहिल्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर बरोबर आलं होतं, पण चुकीच्या कारणानं.

मी कित्येक वर्षं पहिल्याच जोडीवर थांबत होते आणि या मुलांच्या वहीत बरोबरची खूण करत होते. त्या खुणेनं त्यांचा चुकीचा नियम आणखी पक्का केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग ‘कळलं का?’ ऐवजी काय विचारायचं?

ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देऊन सुटताच येणार नाही, असं काहीतरी. ‘०.३ आणि ०.४ यांच्या मधली एक संख्या लिहा.’ ‘हे उदाहरण एका मुलानं असं सोडवलंय, त्याचं कुठे चुकलं?’ ‘झाडाचं लाकूड कशापासून बनतं?’ या शेवटच्या प्रश्नाला मातीपासून असं उत्तर देणारी मुलं प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. झाडाच्या वस्तुमानाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे त्या व्याख्येत दडलेलं आहे, पण व्याख्या आणि झाड यांची त्यांच्या डोक्यात गाठच पडलेली नसते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्याचं नाव घेतात, असं त्यांना आढळलं. ही वेळ तीन सेकंदांच्या वर नेली तेव्हा उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून मोजून बघा, फार लांब वाटतात. मी सुरुवातीला मनात आकडे मोजत असे.

तिसरी सवय: प्रश्न आधी, नाव नंतर. ‘तू सांग, सातशेचे पाच टक्के किती?’ असं म्हटलं की बाकीचा वर्ग मोकळा होतो. प्रश्न विचारून, थांबून, मग नाव घेतलं तर तेवढा वेळ सगळ्यांनाच विचार करावा लागतो. अर्थात चुकलेल्या उत्तराला वर्गात हसं होत असेल, तर यातलं काहीच चालणार नाही. चुकलेल्या मुलाला मी ‘हे तुला कसं सुचलं ते सांग’ म्हणते, आणि बरोबर आलेल्यालाही तेच म्हणते. दोघांना एकच वाक्य मिळालं की त्या वाक्याची भीती जाते.

एवढं सगळं करत बसलो तर पोर्शन कधी पूर्ण होणार?

ही अडचण खरी आहे आणि ती शिक्षकानं ओढवून घेतलेली नाही. अभ्यासक्रम भरगच्च असतो, मध्येच इतर कामं येतात आणि वरून विचारणा होते ती ‘कुठपर्यंत आलात’ अशीच. ‘मुलं कुठपर्यंत आली’ हे विचारणारे मुख्याध्यापक मिळणं हे भाग्यच.

तरी हिशोब मांडून बघा. अपूर्णांक कच्चे ठेवून पुढे गेलात तर गुणोत्तर, शेकडेवारी, व्याज, बीजगणित या प्रत्येक धड्यात तेच भोक पुन्हा बुजवावं लागतं. मी धडे दोन गटांत वाटते. ज्यांच्यावर पुढचं उभं राहतं त्यांच्यासाठी हात सैल सोडते. बाकीचे नेमके आणि झटपट शिकवते. सगळ्या धड्यांना सारखा वेळ देणं दिसायला न्याय्य वाटतं, पण त्यात मुलांचं नुकसान आहे.

वह्या तपासण्यात संध्याकाळ जाते, पण मुलं शेरा वाचतसुद्धा नाहीत. काय करावं?

रूथ बटलर यांचा १९८८ मधला एक प्रयोग प्रत्येक शिक्षकानं लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी मुलांचे तीन गट केले. एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरे, तिसऱ्याला गुण आणि शेरे दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात. दोन्ही मिळालेला गट गुण मिळालेल्या गटासारखाच राहिला. गुण दिसले की मूल शेजाऱ्याचे गुण बघतं आणि वही मिटतं; शेऱ्यापर्यंत नजर पोचतच नाही.

म्हणून रोजच्या वहीत गुण देणं मी बंद केलं. शेराही बदलला. ‘लक्ष देऊन सोडव’, ‘छान’, ‘सुधारणा हवी’ यांतून मुलाला उद्या काय करायचं ते समजत नाही. समजा एकानं ५२ – २७ = ३५ लिहिलंय. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन वजा केले. इथे मी लिहिते, ‘तुझं उत्तर २७ मध्ये मिळवून बघ. ५२ येतात का?’ ३५ आणि २७ म्हणजे ६२. आता चूक त्याची त्याला सापडते आणि पडताळा घ्यायची सवयही लागते.

आणखी एक. शेऱ्यावर काम करायला तासातलीच दहा मिनिटं द्या. घरी जाऊन दुरुस्त्या करून आणा म्हटलं की मुलं शेजाऱ्याची वही घेऊन बरोबर उत्तर उतरवतात. आणि सगळ्या वह्यांतलं सगळं तपासायचा अट्टहास सोडा. दहा उदाहरणांपैकी दोन नीट बघितली तर मुलाचा विचार दिसतो. बाकीची उत्तरं फळ्यावर लिहा, मुलं स्वतः तपासतील.

पाठांतर वाईट असतं ना? हल्ली समजून घेण्यावर भर द्या म्हणतात.

ही दोन्ही एकमेकांच्या विरोधात उभी करू नयेत. पाढे येत नसलेल्या मुलाला भागाकार समजावताना बघा. सात आठे किती हे शोधण्यातच त्याची शक्ती संपते आणि आपण भागाकाराच्या कोणत्या पायरीवर होतो ते तो विसरतो. एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशा गोष्टी मोजक्याच असतात. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेला बोधात्मक भाराचा सिद्धांत याच मर्यादेवर उभा आहे. पाढा तोंडावर असला की डोकं विचाराला मोकळं राहतं.

वाईट आहे ती घोकंपट्टी, म्हणजे अर्थ न लावता तेच तेच वाचत राहणं. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की नव्यानं पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यावरचा उपाय म्हणजे मध्ये दिवस सोडून पुन्हा आठवणं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानं बघितलं तर उतारा मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले होते. पुस्तक पुन्हा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असं मुलाला वाटतं. माझ्या प्रत्येक तासाची सुरुवात चार प्रश्नांनी होते: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला, एक गेल्या वर्षीचा. गुण नाहीत, वह्या मिटलेल्या.

मूल धडधड वाचतं, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. असं का?

वाचनाला दोन पाय लागतात: अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि भाषा समजणं. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये यांचा संबंध गुणाकारासारखा मांडला. एक पाय शून्य असला की उत्तर शून्य. तुमच्या मुलाचा पहिला पाय भक्कम आहे, तेव्हा दुसऱ्याकडे बघा.

दुसऱ्या पायात शब्दसंग्रह येतो आणि जगाची माहितीही येते. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची ठरलेली पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा चांगला समजली. म्हणून उताऱ्यामागून उतारे सोडवून घेण्यापेक्षा मुलांना वाचून दाखवा, गोष्टींबरोबर माहितीचंही वाचून दाखवा, विज्ञान-इतिहासाचे तास भाषेसाठी कापू नका. दहा वर्षांच्या मुलाला साधा मजकूर वाचून समजू नये याला जागतिक बँक ‘शिक्षणदारिद्र्य’ म्हणते. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशा मुलांचं प्रमाण तिनं २०१९ मध्ये ५३ टक्के सांगितलं होतं. महासाथीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, तो अंदाज ७० टक्क्यांवर गेला. ही मुलं बहुतांशी शाळेत येतात, हजेरीपटावर असतात. मला या आकड्यांपेक्षा ती गोष्ट जास्त अस्वस्थ करते.

घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असेल तर दुसरा पाय पहिल्या दिवसापासूनच लंगडतो. जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना बोलता-समजता येणाऱ्या भाषेत शिक्षण मिळत नाही, असं युनेस्कोनं २०१६ मध्ये म्हटलं आहे. अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हणण्याआधी तोच प्रश्न त्याच्या भाषेत विचारून बघा.

गृहपाठ किती द्यावा?

लहान वर्गांना थोडाच. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. गृहपाठ आणि यश यांचा संबंध त्यांना वरच्या वर्गांत ठळक आणि खालच्या वर्गांत क्षीण दिसला. मी एक नियम पाळते: जे वर्गात एकट्याला जमलं तेच घरी सरावाला. न समजलेलं घरी पाठवलं की ते आई-वडिलांच्या गळ्यात पडतं, आणि ज्यांच्या घरी सांगणारं कुणी नाही ती मुलं आणखी मागे राहतात.

शाळेत मोबाइल असावा का?

वर्गात नसावा. फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत मोबाइल वापरायला बंदी केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात, शाळेत मोबाइलबंदी असलेले देश तेव्हा चारात एकापेक्षा कमी असल्याचं म्हटलं होतं. त्यानंतर बऱ्याच देशांनी ही वाट धरली आहे. माझा अनुभव एवढाच आहे, की बाकाखाली खिशात थरथरणारा फोन मुलाचं लक्ष नेतो, त्यानं तो बाहेर काढला नाही तरी.

मुलं एआयकडून उत्तरं लिहून आणतात. आता निबंध आणि गृहपाठ यांना काही अर्थ उरलाय का?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि पुढच्याच सत्रात माझ्यासमोर असे निबंध आले, ज्यांत एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती आणि मूलही कुठे नव्हतं. माझी पहिली प्रतिक्रिया पकडण्याची होती. एका मुलीला मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘हे तूच लिहिलंस?’ तिनंच लिहिलं होतं. कच्चा मसुदा दप्तरातून काढून तिनं दाखवला, हात थरथरत होते. मी वर्गासमोर तिची माफी मागितली, पण नंतर बरेच दिवस ती मोघम, आखूड वाक्यं लिहीत राहिली.

मजकूर एआयनं लिहिलाय का ते ओळखणाऱ्या साधनांवरही भिस्त ठेवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून २०२३ च्या जुलैमध्ये बंद केलं.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तुर्कस्तानात सुमारे हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेला आणि २०२४ मध्ये मांडला गेलेला गणिताचा प्रयोग. साधा एआय हाताशी असलेल्या मुलांनी सराव ४८ टक्के चांगला केला. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तर एआय कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांचे गुण १७ टक्के कमी होते. तिसऱ्या गटाला थेट उत्तर न देता इशारे देणारा, शिक्षकांच्या मदतीनं बांधलेला एआय दिला होता. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ टळलं. म्हणजे मुलाच्या वाट्याचा विचार कोण करतंय, एवढाच प्रश्न आहे. उत्तर हातात आलं की विचार थांबतो, मग ते एआयनं दिलेलं असो, गाइडनं की शेजारच्या बाकावरच्यानं.

म्हणून मी तीन बदल केले. पहिला मसुदा वर्गातच, हातानं. मसुद्यापासून शेवटच्या प्रतीपर्यंत काय बदललं आणि का, हे मूल मला दोन मिनिटांत तोंडी सांगतं. आणि एआयचं एखादं उत्तर मीच वर्गात आणते, त्यातल्या चुका आणि पोकळ वाक्यं मुलांकडून शोधून घेते. विषय नीट येत असल्याशिवाय चूक सापडत नाही, हे मुलांच्या पटकन लक्षात येतं. लहान मुलांच्या हाती ही साधनं देऊ नयेत या मताची मी आहे. युनेस्कोनं सप्टेंबर २०२३ मध्ये वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षांची वयोमर्यादा सुचवली आहे.

माझं मूल ‘बघून शिकणारं’ आहे. त्याला तसंच शिकवाल का?

मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, हे खरं. पण आवडीच्या पद्धतीनं शिकवल्यानं शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आढावा घेऊन दाखवलं. पद्धत विषयावरून ठरते. नकाशा बघूनच शिकायचा, कविता ऐकूनच.

एकाच वर्गात कुणी दोन वर्षं मागे, कुणी पुढे. सगळ्यांना कसं सांभाळायचं?

या प्रश्नापुढे मी अजूनही कमी पडते. वर्ग लहान असतील तर फरक पडतो: अमेरिकेतल्या टेनेसीमध्ये १९८५ पासून चाललेल्या ‘स्टार’ प्रकल्पात १३ ते १७ मुलांचे वर्ग २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा पुढे गेले, आणि वंचित घरांतल्या मुलांना जास्त फायदा झाला. पण वर्गाचा आकार शिक्षकाच्या हातात नसतो.

हातात आहे ते गट बदलणं. ‘प्रथम’ या संस्थेनं रुजवलेल्या पद्धतीत दिवसातला काही वेळ मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता, वाचन-गणिताच्या पातळीप्रमाणे बसवतात आणि तिथून पुढे नेतात. २०१९ चं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या पद्धतीची पुन्हा पुन्हा चाचणी घेतली आहे. एक पथ्य मात्र हवं: गट तात्पुरते असावेत. वर्षभर ‘मागच्या गटात’ बसलेलं मूल स्वतःला तेच समजू लागतं.

पालक म्हणून घरी काय विचारावं? ‘आज काय शिकलास’ म्हटलं की ‘काही नाही’ म्हणतो.

‘आजचं एक गणित मला शिकव’ म्हणा. मध्ये बोलू नका, ‘असं का?’ एवढंच विचारा. तो अडला तर रागावू नका. कुठे अडला ते एका चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवा. अशा चिठ्ठीचा मला मोठा आधार असतो.

मी नवीन शिक्षिका आहे. यातलं नेमकं काय आधी करू?

उद्याच्या तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. आज शिकवलं त्यावर एकच प्रश्न द्या. चिठ्ठीवर उत्तर लिहायचं, नाव घालायचं आणि बाहेर जाताना टेबलावर ठेवायचं. तपासायला बसू नका, लाल पेनही उघडू नका. फक्त वाचा आणि तीन ढीग करा: जमलं, थोडक्यात राहिलं, वेगळंच काहीतरी समजलं. पहिल्यांदा तिसरा ढीग इतका मोठा निघेल की जीव खट्टू होईल. माझा निघाला होता, आणि त्या दिवशी मला माझा तास फार छान झाला असं वाटलं होतं. मग त्या तिसऱ्या ढिगातली एक चिठ्ठी निवडा, नाव न घेता ते उत्तर फळ्यावर लिहा आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथून सुरू करा.